लाईट गेली की बॅटरी सापडत नाही
काल रात्री परत लाईट गेली आणि बॅटरी शोधायला मोबाईलचा टॉर्च लावावा लागला, म्हणजे बघा आता. आई म्हणे "फ्रिजवरच ठेवलीय", तिथं हात घातला तर गोळ्यांचा डबा खाली. म्हणून आज सकाळी अंधारात चमकणारी टेप आणायला गेलो, दुकानदाराने आधी नंबरप्लेटवालं रेडियम काढून दिलं, ते समोरून उजेड पडला तरच चमकतं, मला काय कामाचं? आपण दोन्हीला रेडियमच म्हणतो, खरं रेडियम दोन्हीत नसतं. या हिरवट टेपमध्ये बहुतेक स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं, ते उजेड पिऊन घेतं आणि मग हळूहळू सोडत बसतं.

एक पट्टी बॅटरीच्या बुडाला गोल फिरवली, एक नखाएवढा तुकडा बटणाशेजारी, हाताचं तेल लागलेलं म्हणून आधी स्पिरिटने पुसून घेतलं. आणि शहाण्यासारखी ड्रॉवरमध्ये ठेवली 😅 संध्याकाळी खोलीत अंधार करून ड्रॉवर उघडतो तर काहीच नाही, अरे आत तिला उजेड कोण देणार!

आता ट्यूबलाईटच्या समोर खिळ्याला टांगलीय. लाईट बंद केली तर बाबा म्हणतात, "भिंतीवर काजवा बसलाय का रे?"