ईलॉय : शेवटचे हजार फूट

फिनिक्सहून टूसॉनकडे निघाले की आय-१० महामार्गावर तासाभरात ईलॉय हे छोटे गाव येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची सपाट शेते आहेत आणि आग्नेयेकडे पिकाचो पीक हा एकटाच उभा असलेला सुळका दिसतो. पाहण्यासारखे म्हणून कोणी मुद्दाम इथे थांबावे असे या गावात काही नाही. तरीही हिवाळ्यात, उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ साचलेला असताना, देशोदेशीचे स्कायडायव्हर आपली पॅराशूटे पाठीला लावून इथे गोळा होतात, कारण सोनोरन वाळवंटातले आकाश वर्षाचा बहुतेक काळ निरभ्र असते आणि स्कायडाइव्ह ॲरिझोना हा जगातल्या मोठ्या ड्रॉपझोनपैकी (म्हणजे उड्या मारण्याच्या केंद्रांपैकी) एक इथल्याच धावपट्टीवर आहे. फेब्रुवारीत मी तिथे गेलो तो कॅनॉपी कोर्ससाठी. कॅनॉपी म्हणजे पॅराशूटचे मुख्य कापडी छत्र. ते उघडल्यापासून पाय जमिनीला टेकेपर्यंत ते कसे चालवायचे, एवढ्याच विषयाला हा अभ्यासक्रम वाहिलेला आहे. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचा ‘बी’ परवाना किमान ५० उड्या झाल्यावर मिळतो आणि त्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचे आहे.

चँडलरला ज्या मित्राकडे उतरलो होतो, त्याच्या आई सांगलीहून आल्या होत्या. सकाळी पोह्यांची बशी पुढे करताना त्यांनी विचारले, “अरे, एकदा छत्री उघडली म्हणजे झालं की! मग आणखी शिकायचं काय असतं?” काकूंचा प्रश्न बहुतेकांच्या मनातला आहे. स्कायडायव्हिंगची भीती आपण सगळी विमानाच्या दारात आणि ‘पॅराशूट उघडलेच नाही तर’ या शंकेत साठवून ठेवतो. पण संघटना दरवर्षी अपघातांचा जो आढावा प्रसिद्ध करते, त्यात बरीच वर्षे एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते : अनेक मृत्यू आणि मोठ्या दुखापती पूर्णपणे उघडलेल्या, कोणताही बिघाड नसलेल्या छत्राखाली होतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक स्कायडायव्हर दगावत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमागे ही संख्या १० होती. साधने सुधारली, प्रशिक्षण सुधारले आणि १९९१ मध्ये जर्मनीत सायप्रेस हे उपकरण आले. उडी मारणारा ठरावीक उंचीच्या खालीही जोरात कोसळत असेल, तर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडते. चांगल्या छत्राखाली बसलेल्या माणसाने शंभर फुटांवर चुकीचे वळण घेतले तर मात्र हे उपकरण काहीही करू शकत नाही, आणि दुसरे कोणतेही उपकरणही करू शकत नाही.

याचे कारण छत्राच्या रचनेत आहे. जुने गोल पॅराशूट माणसाला फक्त सावकाश खाली सोडत असे. आजचे आयताकृती छत्र, ज्याची कल्पना पतंग बनवणाऱ्या डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली, ते वास्तविक पंखच आहे. वरचे कापड आणि खालचे कापड यांच्यामध्ये सात किंवा नऊ कप्पे असतात, त्यांची तोंडे पुढून उघडी असतात आणि हवा आत शिरली की लोडाच्या खोळीत कापूस भरावा तसे ते फुगून ताठ होतात. पंख असल्यामुळे ते पुढे जाते : शिकाऊ छत्रसुद्धा ताशी वीस-पंचवीस मैलांनी पुढे सरकते आणि मिनिटाला साधारण हजार फूट खाली येते. हातात दोन टॉगल, म्हणजे छत्राच्या मागच्या कडेला दोऱ्यांनी जोडलेल्या मुठी, असतात. उजवा ओढला की पंखाची उजवी मागची कड खाली वळते, छत्र उजवीकडे कलते आणि वळते. पण कलले की ते सूरही मारते, आणि खाली लोंबणारा माणूस लंबकासारखा बाहेर फेकला जातो. टॉगल सोडल्यावर छत्र पुन्हा माणसाच्या डोक्यावर येऊन सरळ होण्यास वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बरीच उंची खर्च होते. तीन हजार फुटांवर ही मौज वाटते. दीडशे फुटांवर तेच वळण घेणारा छत्र सावरण्याच्या आतच जमिनीवर आदळतो, आणि तोही नेहमीच्या उतरण्याच्या कितीतरी पट वेगाने.

आमच्या शिक्षिका मूळच्या फ्लोरिडाच्या, बोलायला मोजक्या. वर्गात त्यांनी फळ्यावर एक मोठा आयत काढला आणि त्याच्या तीन बाजूंवर १०००, ६०० आणि ३०० हे आकडे लिहिले. हा उतरण्याचा पॅटर्न. हजार फुटांवर वाऱ्याला पाठ देऊन डाउनविंडचा टप्पा सुरू करायचा, सहाशेवर काटकोनात वळून बेसचा टप्पा घ्यायचा आणि तीनशेवर वाऱ्याकडे तोंड करून शेवटच्या सरळ टप्प्यात यायचे. त्यानंतर मोठे वळण नाही. विमानात चढण्यापूर्वी प्रत्येकाने विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पाहून, मैदानाच्या हवाई छायाचित्रावर आपले हे तीन बिंदू बोटाने दाखवायचे, असा त्यांचा नियम होता. वारा वाढला की बेसचा टप्पा मैदानाच्या जवळ आणायचा, कारण शेवटच्या टप्प्यात समोरचा वारा आपल्याला मागे रेटणार. वारा पडला तर तोच टप्पा लांब न्यायचा. हे गणित जमिनीवर उभे राहून सोपे वाटते. वर गेल्यावर मैदान, हँगर (विमाने ठेवण्याची शेड) आणि धावपट्टी यांची मापे डोळ्यांना वेगळीच दिसू लागतात, म्हणून बिंदू आधीच ठरलेले असावे लागतात.

प्रत्यक्ष उड्या कमी उंचीवरून होत्या. ट्विन ऑटर हे छोटे विमान आम्हाला साधारण पाच हजार फुटांवर न्यायचे, आम्ही ठरावीक अंतर ठेवून एकेक बाहेर पडायचो आणि लगेच छत्र उघडायचो, म्हणजे कोसळण्यात वेळ न जाता सगळा वेळ छत्राखाली मिळे. उघडताना छत्राचे ब्रेक, म्हणजे टॉगलच्याच दोऱ्या, अर्धे ओढून अडकवलेले असतात. सुतळ्यांवरून खाली घसरणारा स्लायडर, म्हणजे चार कोपऱ्यांना धातूच्या कड्या असलेला कापडाचा चौकोन, छत्राला एकदम झटका देऊन उघडू देत नाही. तो डोक्यापाशी आला की पहिले काम तपासणी : छत्र आहे का, चौकोनी आणि ताठ आहे का, आणि सांगितले तसे वळते का. मी टॉगल सोडवून आधी सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळून पाहिले, दोन्ही टॉगल पूर्ण खाली ओढून एकदा फ्लेअर, म्हणजे उतरताना वेग मोडण्याची क्रिया, करून पाहिला आणि मगच आजूबाजूला नजर टाकली. विद्यार्थ्यांसाठी अडीच हजार फूट ही निर्णयाची सीमा आहे. तोवर छत्राची खात्री पटली नाही तर ते अंगापासून सोडवून टाकायचे आणि राखीव उघडायचे, आणि पटली तर त्या विषयावर पुन्हा विचार करायचा नाही.

या उड्यांमध्ये मला सर्वांत उपयोगी वाटला तो ब्रेक धरून वळण्याचा सराव. दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत ओढून ठेवायचे आणि एक किंचित वर सोडायचा, की छत्र फारसे न कलता सपाटीने वळते आणि उंचीही थोडीच खर्च होते. खाली अचानक कुंपण किंवा दुसरा माणूस आडवा आला तर हेच वळण उपयोगाला येते. पण ते वर, मोकळ्या हवेत, हाताला इतके सवयीचे व्हायला हवे की घाबरलेल्या क्षणी हात आपण होऊन तेच करतील, कारण घाबरलेल्या हाताची उपजत सवय एक टॉगल जोरात खेचण्याची असते.

शिक्षिकांनी उतरण्याचा प्राधान्यक्रम आमच्याकडून पाठ करून घेतला. आधी पंख समतल ठेवायचा, मग मोकळ्या, अडथळा नसलेल्या जागेत उतरायचे, निदान अर्ध्या ब्रेकपर्यंत फ्लेअर करायचा आणि लोळण घेऊन पडण्याची तयारी ठेवायची. वाऱ्याकडे तोंड करणे या यादीत नाही, हे ऐकून आमच्यातले काही जण चमकले. वाऱ्याबरोबर उतरलात तर जमिनीवरचा वेग वाढेल, कपडे मळतील, गुडघे खरचटतील. पण केवळ तोंड वाऱ्याकडे यावे म्हणून खाली वळलात तर काय होईल, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. घाटात ‘अति घाई संकटात नेई’ असे फलक वाचून वाचून आपले डोळे बोथट झालेले असतात. इथे मात्र मला असे दिसले की घाईपेक्षा उशीर जास्त घात करतो : ज्याने सहाशे फुटांवर वळायचे टाळले, त्यालाच दीडशेवर वळावेसे वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी याचे चांगले उदाहरण पाहायला मिळाले. आमच्या गटातला एक उंच डच तरुण वाऱ्याचा अंदाज बदलल्यामुळे मैदानापासून बराच दूर राहिला. दीड हजार फुटांवरच त्याने मैदानाकडे पाठ फिरवली, रस्ता आणि विजेच्या तारा सोडून एक नांगरलेले शेत निवडले आणि तिथे व्यवस्थित पॅटर्न करून उतरला. धुळीने माखलेला, छत्राचे गाठोडे खांद्यावर टाकून तो पायी परत आला, तेव्हा शिक्षिकांनी त्या दिवसातली एकमेव मोकळी शाबासकी त्यालाच दिली. खाली उतरण्याच्या जागेबद्दल माणसाला विलक्षण अभिमान असतो. लोक बघत असलेल्या मैदानातच उतरले पाहिजे, या हट्टापायी कित्येकांनी हातपाय मोडून घेतले आहेत. पंधरा मिनिटांची पायपीट त्यापुढे काहीच नाही.

वाळवंटातल्या वाऱ्याची स्वतःची एक खोड आहे. सकाळी हवा स्तब्ध असते. ऊन चढले, जमीन तापली की कोरड्या शेतांतून वावटळी उठतात. मैदानाच्या कडेला कोणीतरी ओरडले की सगळ्यांच्या माना तिकडे वळत आणि जमिनीवर पसरलेल्या छत्रांवर लोक अक्षरशः झेप घेत, कारण रिकामे छत्रसुद्धा वावटळीत भरले तर माणसाला ओढत नेते. हवेत असलेल्याने ती धूळ दिसताच दूर राहायचे. न दिसणारा धोका इमारतींमागे असतो. तीस फूट उंच हँगरच्या मागे वाऱ्याच्या दिशेने तीनशे ते सहाशे फुटांपर्यंत हवा घुसळलेली असू शकते आणि त्यात शिरलेल्या छत्राचे कप्पे ऐन वेळी मिटू शकतात. अमेरिकेत विद्यार्थ्यांना ताशी १४ मैलांपेक्षा जास्त वारा असताना उडी मारता येत नाही, त्यामुळे कोर्समधला बराच वेळ बाकावर बसून विंडसॉककडे पाहण्यात जातो. उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. ईलॉय समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांवर आहे, पण चाळीस अंशांच्या दुपारी तिथली विरळ हवा जवळजवळ पाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वागते, आणि तेच ओळखीचे छत्र जमिनीकडे अधिक वेगाने येते.

फ्लेअर हा सगळ्यांच्या चर्चेचा विषय होता, कारण प्रत्येक उतरणीचे चित्रीकरण होत असे आणि संध्याकाळी ते सर्वांसमोर लावले जाई. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही टॉगल एकसारखे खाली ओढले की छत्र पुढचा वेग खर्च करून क्षणभर तरंगते आणि त्याच क्षणी पाय टेकायचे. दहा-बारा फूट ओळखायचे कसे, याचे उत्तर नजरेत आहे. थेट पायांखाली पाहिले तर जमीन अंगावर धावून येते आणि हात लवकर खाली जातात. नजर पुढे ठेवली तर उंची नीट कळते. फ्लेअर लवकर झालाच तर टॉगल आहे तिथेच धरून ठेवायचे. वर सोडले तर छत्र पुढे झेपावते आणि माणूस पाठीवर किंवा तोंडावर पडतो. चित्रफितीत एक गोष्ट संथ गतीने दाखवली तेव्हा वर्गात शांतता पसरली : उतरणारी मुलगी किंचित डावीकडे कलली, पडण्याच्या भीतीने तिचा डावा हात जमिनीकडे गेला, त्या हातात टॉगल होता, आणि म्हणून छत्र आणखी डावीकडे कलले. सावरण्यासाठी पुढे केलेल्या हातानेच ती पडली. सुदैवाने तिने पाय जुळवून ठेवले होते, त्यामुळे पावले, पोटरी, मांडी, कंबर आणि पाठीची बाजू अशा क्रमाने लोळत ती हसत उठली.

शेवटच्या संध्याकाळी छत्राच्या आकाराचा विषय निघाला आणि सर्वांत जास्त वाद तिथे झाला. साधनांसह माणसाचे वजन पौंडांत घेऊन त्याला छत्राच्या चौरस फुटांतल्या क्षेत्रफळाने भागायचे. ८५ किलोचा माणूस आणि १२ किलोचे साधन मिळून सुमारे २१४ पौंड होतात. २३० चौरस फुटांच्या छत्राखाली हा भार ०.९३ येतो, आणि १७० च्या छत्राखाली १.२६. नवशिक्यांनी १ च्या आतच राहावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे. आकडा वाढला की वेग वाढतो, वळणे तीव्र होतात आणि चुकीला मिळणारा अवधी कमी होतो. तरीही तरुण मंडळी लहान छत्र विकत घ्यायला अधीर असतात, कारण लहान छत्र म्हणजे अनुभवी माणूस, अशी एक समजूत ड्रॉपझोनवर मूकपणे वावरत असते. मला ही समजूत मोटारसायकलच्या सीसीवरून चालवणाऱ्याची लायकी ठरवण्याइतकी पोरकट वाटते, आणि मी माझे मोठे, मंद छत्र बदलणार नाही असे तिथेच सांगून टाकले.

परत आल्यावर काकूंनी टॅबलेटवर पुण्याच्या शीतल महाजन यांचा २०१८ मधला व्हिडिओ काढून ठेवला होता, थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेल्या उडीचा. त्यांना त्यातला काष्टा पाहायचा होता, मला उतरणे. आम्ही दोघांनी तो दोनदा पाहिला.

आपल्याकडचे बहुतेक जण दुबईला किंवा हरियाणात नारनौलला टँडम उडी घेतात, म्हणजे छत्र प्रशिक्षक चालवतो आणि आपण त्याच्यापुढे बांधलेले असतो. तरीही उतरण्यातला एक भाग प्रवाशाच्या हातात राहतोच. प्रशिक्षकाने सांगताच दोन्ही पाय कमरेच्या उंचीपर्यंत उचलून धरायचे असतात, म्हणजे आधी त्याचे पाय टेकतील किंवा दोघेही बसून घसरत थांबतील. विमानात बसण्यापूर्वी, हार्नेस (अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा साज) अंगावर असताना, हे पाय एकदा उचलून पाहावेत. हार्नेसचे पट्टे मांड्यांशी घट्ट असल्यामुळे ते वाटते त्यापेक्षा जड जाते, आणि काही जणांना गुडघ्यांखाली हात घालून पाय वर ओढावे लागतात. चपला किंवा सँडल नकोत, लेसचे बूट हवेत. सकाळची वेळ मिळाली तर तीच घ्यावी.