जनाईच्या गावात पाहिलेला स्पॅनिश पिक्चर

सुट्टीत आलेल्या भाचीनं परवा लॅपटॉपवर 'ला यामादा' लावला. 2017 चा पिक्चर, हाविएर आम्ब्रोसी आणि हाविएर काल्वो या जोडीचा. आधी याच दोघांनी 2013 साली माद्रिदच्या तेआत्रो लारात त्याचं संगीत नाटक केलं होतं. सेगोव्हियाकडं ख्रिस्ती मुलींचं उन्हाळी शिबिर भरलंय. त्यात मारिया आणि सुसाना, दोघी महाउनाड. रात्री गुपचूप पळून नाचगाण्याला जाणाऱ्या. अन् एका रात्री मारियापुढं साक्षात देव उभा राहतो. चमचमता कोट घालून व्हिटनी ह्यूस्टनची गाणी म्हणतो!

भाची हसून हसून लोळायली. "मावशी, असा कुठं देव असतो का?"

म्हणलं, बाई, गंगाखेडात बसून हे विचारतीस? जनाईसंगं जात्यावर बसला, शेण्या वेचल्या, तिची वेणी घातली. त्याला गाणं म्हणायला काय जड जातंय?

मला तर शिबिरच ओळखीचं वाटलं. आमचं बालसंस्कार शिबिर गंगेकाठी, पत्र्याच्या शेडात, भर मे महिन्यात. पहाटे काकडा, सांजच्याला हरिपाठ अन् पावल्या. पखवाज पोरांकडं, पोरींच्या हातात टाळ; हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे. महाराज झोपले की आम्ही टाळांच्या मधी रुमाल धरून वरातीतली गाणी म्हणायचो. रुमालानं आवाज बसतो, ठेका तेवढा राहतो. एका रात्री ताई उठून आल्या. आता सकाळी साऱ्यांपुढं उभं करणार म्हणून आम्ही गार. त्या म्हणल्या, "दुसरी टाळी उशिरा पडायली तुमची," आणि रुमाल काढून न घेता वाजवून दाखवलं.

पिक्चरमधल्या बेर्नार्दा सिस्टरही गाण्यानं पोरी सुधरवायला निघालेल्या. त्यांचा भाग जरा ताणलाय, मला कंटाळा आला. पण श्रद्धेची टिंगल कुठंच नाही, आणि पोरींच्या चावटपणालाही कुणी पाप ठरवत नाही. आपल्याकडं असल्या विषयावर एक तर कीर्तन होतं, नाही तर राडा.

सगळ्यात गोड आहे ती मिलाग्रोस, तरुण सिस्टर. सुसानाचा जीव तिच्यावर जडतो. ते इतकं हळुवार दाखवलंय की माझी आई मागं शेंगा निवडत बसली होती, तीही काही बोलली नाही. फक्त हात थांबले तिचे.

नंतर भाचीनं निम्मी रात्र मोबाइलवर घालवली, याचा दुसरा भाग निघालाय का ते शोधत.