पेंग येते, डुलकी लागते, वामकुक्षी घेतात

इंग्रजीचा शेवटचा तास म्हणजे साडेबाराचा उकाडा, पंख्याची घरघर आणि पेंगणारा अर्धा वर्ग. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीच्या आठवणी इतर लिहितीलच. इथे त्या पेंगण्याचंच इंग्रजी मांडतो. शब्दकोशात 'ड्राउझी', 'डोझ', 'नॅप' या सगळ्यांपुढे 'डुलकी' छापलेलं असतं, घोळ तिथून सुरू होतो.

किल्ली मराठी क्रियापदातच आहे. पेंग येते, ती 'ड्राउझी'. डुलकी लागते, ती 'डोझ'. वामकुक्षी घेतात, ती 'नॅप'. झोप किती गाढ, हा प्रश्न दुय्यम.

'नॅप' ठरवून घ्यायची. वीसेक मिनिटांची बरी, अर्ध्या तासापुढे गेली की माणूस गाढ झोपेत शिरतो आणि उठल्यावर डोकं जड होतं. बाकावर मान पडलेल्या मुलाबद्दल 'ही वॉज नॅपिंग' लिहिलं, तर तो बेत करून झोपला असं होतं. तिथे 'ही डोझ्ड ऑफ' हवं. त्यातला 'ऑफ' मुलं गाळतात. नुसतं 'डोझ' म्हणजे अर्धवट झोपेत असणं, 'डोझ ऑफ' म्हणजे नकळत डोळा लागणं. बसल्याबसल्या मान कलंडते, तेव्हा 'नॉड ऑफ'. अपवाद एकच: 'कॉट नॅपिंग' म्हणजे गाफील सापडणं, झोपेशी संबंध नाही.

उच्चारही सांभाळावा. औषधाचा 'डोस' स-ने संपतो, झोपेचा 'डोझ' 'माझा'तल्या झ-ने. 'ड्राउझी'त लिहायचा एस आणि म्हणायचा झ. सर्दीच्या सेट्रिझिनने येते ती गुंगी याच शब्दाने सांगतात; 'स्लीपी' चुकीचं नाही, पण घरगुती.

'सिएस्टा' इंग्रजीने स्पॅनिशकडून घेतला, पोर्तुगीजमध्ये तो 'सेस्ता'. मूळ लॅटिन 'सेक्स्ता', दिवसाचा सहावा तास, म्हणजे भर दुपार. म्हणून सकाळी दहाची झोप 'नॅप' होईल, 'सिएस्टा' नव्हे. हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात, जेवून म्हापशातला दुकानदार आडवा होतो, तो खरा सिएस्टा. गोव्यात आलेले पाहुणे त्यालाच 'सुशेगाद' म्हणतात, तेही चूक: मूळ पोर्तुगीज 'सोसेगादो' म्हणजे निवांत, आणि निवांत माणूस टक्क जागाही असतो.

'स्लम्बर' निबंधात शोभेल म्हणून घालतात. तो आपल्या 'निद्रे'सारखा, कवितेतला. पणजी-मडगाव बसमध्ये कोणी निद्राधीन होत नाही. तिथे डुलकीच लागते.