अण्णांचा न धरलेला एक गुण

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, गेल्या वर्षी 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट', म्हणजे स्मरण व विचारशक्तीत सौम्य घट, असल्याचे निदान झाले. वय 74, शिक्षण जुनी अकरावी मॅट्रिक, सारी नोकरी सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या हिशेब खात्यात. माणसांची नावे विसरणे आणि एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणे सुरू झाले होते; मात्र बँक, वीजबिल, भाजी ही सगळी कामे ते आजही स्वतः करतात. रक्तातील बी-12, थायरॉईड आणि मेंदूचा एमआरआय या तपासण्या आठवड्यात उरकल्या. लिहून देण्यासारखे औषध नाही, नियमित चालणे आणि स्मरण व लक्ष यांचा सराव हाच उपाय आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि ज्येष्ठांच्या सराव गटासाठी चिठ्ठी दिली.

त्या गटात बसायला आम्हाला चार महिने लागले, आणि ते आठवले की आजही माझा संताप होतो.

गटात प्रवेशासाठी आधी 'मोका', म्हणजे मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, ही तीस गुणांची चाचणी आवश्यक होती. पहिल्या खेपेला एमआरआयची फिल्म सोबत नाही म्हणून आम्हाला परत पाठवले. फिल्म आणायची, हे तारीख देताना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या खेपेला चाचणी घेणाऱ्या बाई रजेवर होत्या. तिसऱ्या खेपेला चाचणी झाली, पण ती कशी झाली ते सविस्तर सांगितले पाहिजे. बोळात टाकलेल्या टेबलावर, शेजारी नंबरांचा पुकारा चालू असताना, अण्णांपुढे इंग्रजी कागद ठेवला गेला आणि सूचना घाईघाईने हिंदीत दिल्या गेल्या. एका मिनिटात 'एफ' अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द सांगा, असा एक प्रश्न होता. ज्यांचे सारे शिक्षण मराठीतून झाले, त्या माणसाची स्मृती यातून कशी मोजली जाणार? श्रवणयंत्र घरी राहिले होते, ती चूक माझी. परंतु लक्षात ठेवायचे पाच शब्द वाचून दाखवताना समोरच्याला ऐकू येते आहे की नाही, एवढे तरी विचारायला हवे होते.

गुण आले 17. गटात 18 आणि त्यापुढचेच घेतात. "ताई, कागदावर सतरा आहे, आम्ही काही करू शकत नाही," एवढेच उत्तर खिडकीवर मिळाले. शिवाय शेऱ्यात 'मध्यम', म्हणजे सौम्यच्या पुढची पायरी, असा शब्द होता, जो अण्णांनी स्वतः वाचला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

त्यानंतर मी या चाचणीची माहिती मिळवून वाचली. एकूण शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायचा असतो. अण्णांची अकरा वर्षे. तो गुण धरलाच नव्हता! नुसत्या त्या गुणाने ते 18 वर गेले असते. चाचणीचे मराठी रूपही उपलब्ध आहे. शिवाय नुसत्या आकड्यावरून निदान करायचे नसते. रोजचे व्यवहार माणूस स्वतः करू शकतो का, हे पाहूनच सौम्य अवस्था आणि डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, यांतला फरक ठरवतात. हे सर्व लेखी अर्जात मांडले, तेव्हा सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. या वेळी शांत खोली, मराठी कागद, कानात यंत्र, डोळ्यांवर चष्मा. आधीचे शब्द लक्षात राहिल्याचा फायदा होऊ नये म्हणून चाचणीचा दुसरा संच वापरला. गुण 22, शिक्षणाचा एक मिळून 23. साधारणतः 26 आणि त्यापुढे सर्वसामान्य समजतात, म्हणजे अडचण खरीच होती; पण ती सौम्य होती, आणि माझे म्हणणे पहिल्या दिवसापासून तेच होते. तो कागद हातात आला तेव्हा मला फार अभिमान वाटला.

गटातला सराव मात्र सुरळीत चालला आहे. नातसुनेचे नाव पक्के व्हावे म्हणून तिथले शिकवणारे ते अण्णांना एक, दोन, चार, मग आठ मिनिटांनी विचारतात. अडले की अंदाज बांधू न देता लगेच सांगतात, कारण चुकीचे उत्तरही मनात रुजते. सामानाच्या यादीसाठी घरापासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंतची ओळखीची वाट डोळ्यांसमोर आणून प्रत्येक वळणावर एकेक वस्तू ठेवायला शिकवले. तूरडाळ पिठाच्या गिरणीपाशी, साबण तलावाच्या काठावर. किल्ली आणि चष्म्याची जागा ठरलेली आहे, वही खिशात असते. रोज सकाळी आम्ही दोघे चालायला जातो. हे सुरुवातीलाच सुरू करायला हवे होते, कारण चालण्यासाठी कोणाच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. फिनलंडमध्ये डिमेन्शियाचा धोका असलेल्या 1260 ज्येष्ठांपैकी साधारण निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावर देखरेख असे सगळे एकत्र दिले गेले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची बौद्धिक कामगिरी केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिल्याचे आढळले. म्हणून मी अण्णांच्या मिठावरही लक्ष ठेवते.

नावे अजूनही अडतात. पण यादी न पाहता ते सात वस्तू आणतात, आणि 'मध्यम' हा शब्द आता काढत नाहीत. पुढची चाचणी जूनमध्ये आहे. मराठी कागदच द्यावा, असा अर्ज आधीच देऊन पोच घेतली आहे, आणि श्रवणयंत्राचे नवे सेल फाईलच्या खिशात ठेवले आहेत.