परसातला संत्रा, वर्ष तिसरं: ८ वरून १०.५ ब्रिक्स

मंडळी, काल मुख्य तोडणी झाली आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाचा थेंब टाकून गोडी मोजायचं यंत्र) १०.५ ब्रिक्स दिसलं, म्हणजे रसात अंदाजे तेवढे टक्के साखर, दोनदा काच पुसून परत बघितलं तरी तेवढंच! ह्याच झाडाचं फळ दोन वर्षांपूर्वी ८ च्या आसपास होतं, घरात कोणी दुसरी फोड उचलत नव्हतं आणि आई म्हणत होती की झाड काढ, तिथे कढीपत्ता लावू.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, नागपूरला घरामागे काळ्या मातीत नागपुरी संत्रा आहे, जंबेरी खुंटावरचं कलम (खाली मुळं जंबेरी लिंबाची, वर संत्रा), वय ९ वर्षं, आंबिया बहार धरतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचं पीक. जंबेरीवर झाड जोमात वाढतं पण रस जरा पातळ येतो, ते आता बदलता येत नाही.

पहिल्या वर्षी जो जे सांगेल ते बुंध्याशी ओतलं, गुळाचं पाणीसुद्धा. पण साखर मुळातून वर चढत नाही, ती पानात बनते आणि तिथून फळात येते, हे कळल्यावर मी माती सोडून पानांकडे बघायला लागलो. नवीन पानं बारीक, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे झिंक कमी. नवती (नवीन पालवी) आली की १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना अशी फवारणी केली, पुढची पानं चांगली रुंद आली. तोडणीनंतर पानसोट (जोमाने सरळ वर जाणारे, फळ न देणारे फुटवे) आणि मधल्या वाळलेल्या काड्या काढल्या म्हणजे आत ऊन जातं.

मागच्या वर्षीची चूक सांगतो, ऑगस्टमध्ये दोन मुठी युरिया टाकला. फळं मोठी झाली पण साल जाड, रस फिका आणि रंगही उशिरा चढला. ह्या वर्षी नत्र जूनमध्येच संपवलं. पोटॅश टाका गोडी येईल असं सगळे सांगतात, पण संत्र्यात पोटॅश जास्त झालं की आंबटपणा वाढतो, म्हणून तेही बेतानेच दिलं.

आता पाणी, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक ह्यानेच पडला. काळी माती ओल धरून ठेवते तरी मी आधी पाऊस गेल्यावर रोज पाईप लावायचो आणि रसात पाणीच भरत होतो. ह्या वर्षी ऑक्टोबरपासून वरची चार बोटं माती सुकल्याशिवाय पाणी दिलं नाही आणि तोडणीआधीचे तीन आठवडे त्याहून कमी. पण एकदम कोरडं पाडून मग भरपूर पाणी देऊ नका, मागच्या वर्षी पाईप रात्रभर चालू राहिला आणि सकाळी दहा-बारा फळं तडकलेली. शिवाय ताण जास्त झाला की गोडीसोबत आंबटपणाही चढतो. खाली गवताचं आच्छादन आहे त्यामुळे ओल हळूहळू कमी होते.

तोडायची घाई हीपण माझी जुनी सवय. संत्रा आंब्यासारखा अढीत पिकत नाही, तोडला की गोडी तिथेच थांबते. रंगावर जाऊ नका, तो थंड रात्रींमुळे येतो. माझी मापं: १ नोव्हेंबर ८.८, २० नोव्हेंबर ९.७, काल १०.५.

माप घेताना एक काळजी घ्या. एकाच फळात देठाकडे ९.६ आणि खालच्या टोकाला १०.८ आलं, म्हणून अख्खं फळ पिळून, रस हलवून मग थेंब टाका. बाहेरच्या उन्हातल्या फांदीचं फळ आतल्या सावलीतल्यापेक्षा गोडच निघतं, त्यामुळे दर वेळी एकाच बाजूचं फळ घ्या नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

वरच्या फांदीवर पाच फळं मुद्दाम ठेवलीत, दर चार दिवसांनी एक तोडून मापणार. जास्त दिवस ठेवलं की साल सुटून फळ पोकळ होतं, तसं दिसलं की उरलेली लगेच काढतो आणि झाडाला ताणावर सोडतो, म्हणजे पुढच्या फुलांसाठी पाणी तोडतो. कोणाकडे रंगपूर लाईमच्या (लिंबाचाच दुसरा एक प्रकार) खुंटावरचा संत्रा असेल तर तारखेसकट ब्रिक्स टाका ना, शेजारी ठेवून बघायचंय.