तुम्ही विचारलंत म्हणून: मालगाड्यांचीच छायाचित्रे का?

राजधानी, वंदे भारत किंवा डेक्कन क्वीन अशा देखण्या गाड्या सोडून कोळशाच्या आणि सिमेंटच्या मालगाड्यांसाठी मी उन्हात का थांबतो, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. थोडक्यात उत्तर असे की, मालगाडी वाचता येते. प्रवासी गाडीचा मार्ग, वेळ आणि रचना आपल्याला आधीच ठाऊक असते. समोरून येणाऱ्या मालगाडीत काय भरले आहे, तिला कुठल्या शेडचे (म्हणजे इंजिनांची देखभाल होते त्या आगाराचे) इंजिन लागले आहे आणि ती भरलेली आहे की रिकामी, हे मात्र ती दिसेपर्यंत कळत नाही.

हे वाचन वाघिणींपासून, म्हणजे मालडब्यांपासून सुरू होते. उंच कडांच्या उघड्या बॉक्सएन वाघिणी दिसल्या की बहुधा कोळसा किंवा खनिज, बंद बीसीएन वाघिणी दिसल्या की धान्य, खत किंवा सिमेंट, आणि दंडगोल टाक्यांची रांग दिसली की पेट्रोल-डिझेल. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचा मोठा डेपो असल्यामुळे त्या भागात अशा टाक्यांच्या गाड्या पाहायला मिळतात. बल्लारशा ते वर्धा या पट्ट्यात भरलेल्या आणि रिकाम्या रेकमधला (एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या संचातला) फरक डोळ्यांआधी कानांना कळतो. रिकामी गाडी खडखडत जाते, भरलेलीचा आवाज खोल आणि सलग असतो, आणि तिच्या बोगींच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात. भारतीय रेल्वेने २०२३-२४ या वर्षात सुमारे १५९ कोटी टन माल वाहिला, आणि तिच्या उत्पन्नाचा बराच मोठा हिस्सा या वाहतुकीतूनच येतो. एवढे काम करणाऱ्या गाड्यांकडे फाटकाशी खोळंबलेले लोक केवळ अडथळा म्हणून पाहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंजिनांचा विषय तर याहून रंगतदार आहे. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर त्याचा क्रमांक आणि त्याच्या शेडचे नाव लिहिलेले असते. मालगाडीचे इंजिन देशभर फिरते, त्यामुळे भुसावळजवळ उभे राहून झारखंडमधल्या गोमोह शेडचे किंवा विशाखापट्टणमचे इंजिन पाहण्याचा आनंद मिळतो. मालगाड्यांच्या विजेच्या इंजिनांपैकी ५,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-७, ६,१२० अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-९ आणि बिहारमधल्या मधेपुऱ्याला तयार होणारे, दोन जोडभागांचे १२,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-१२बी या तिघांचे आवाज आणि चेहरे इतके वेगळे आहेत की, थोड्या सरावाने ती दुरूनही ओळखता येतात. १९८०च्या दशकातली डब्ल्यूएजी-५ इंजिने मात्र आता झपाट्याने भंगारात निघत आहेत, म्हणून ती दिसली की मी बाकी सगळे सोडून कॅमेरा उचलतो. तीच गोष्ट वाराणसीच्या कारखान्यात अल्को कंपनीच्या रचनेवर बांधलेल्या डिझेल इंजिनांची. लोको पायलट नॉच (शक्तीची पायरी) वाढवतो तेव्हा इंधन लगेच वाढते, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात हवा अपुरी पडून अर्धवट जळलेले इंधन काळ्या धुराच्या लोटाच्या रूपाने वर येते. विद्युतीकरण झाले हे उत्तमच झाले, तरीही चढावर जोर लावणाऱ्या अल्कोचा तो धूर ज्याने टिपला नसेल, त्याला आता ती संधी सहज मिळणार नाही.

छायाचित्रणाच्या दृष्टीने मालगाडी अवघड असते ती तिच्या लांबीमुळे. ५८-५९ बॉक्सएन वाघिणींचा रेक इंजिनासह सुमारे साडेसहाशे मीटर भरतो, आणि केवळ इंजिनाचा चेहरा टिपला तर गाडीचा बहुतेक भाग छायाचित्राबाहेरच राहतो. म्हणून मी वळण शोधतो. वळणाच्या आतल्या बाजूला, सूर्य पाठीशी ठेवून, थोड्या उंचीवर उभे राहिले की इंजिनामागे वाघिणींची कमान उलगडत जाते. इंजिनाचा मागचाच पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) बहुधा वर असतो, आणि तो ओव्हरहेड वायरच्या खांबामागे लपू नये यासाठी बटण दाबण्याचा क्षण आधीच ठरवून ठेवावा लागतो. मालगाडीचे वेळापत्रक प्रवाशांच्या अ‍ॅपवर दिसत नाही. सिग्नल पिवळा किंवा हिरवा झाला, फाटक पडले, की तयार व्हायचे. एक्सप्रेसला वाट देण्यासाठी मालगाडी लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या रुळावर घेतली तर ती निवांत न्याहाळता येते, आणि माझ्या मते नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला घाटाचे भाग्य लाभलेले आहे. कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी या दोन्ही घाटांत ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, त्यामुळे गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडावी लागतात. पुढची इंजिने ओढतात, मागची ढकलतात, आणि दोन्हींचा जोर गाडीभर जाणवतो. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाके घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडली जाते. घाटातल्या मालगाडीचा वेग कमी असल्यामुळे हे सगळे शांतपणे पाहता आणि टिपता येते.

एका बाबतीत मी आग्रही आहे. रुळांच्या हद्दीत शिरून काढलेले छायाचित्र कितीही चांगले असले तरी मी ते पाहत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना प्रवेशासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी २५,००० व्होल्टच्या तारेजवळ पुलावरून काठीला लावलेला कॅमेरा पुढे केला, तर स्पर्श न होताही विजेचा झटका बसू शकतो. चांगली जागा हद्दीबाहेर नेहमी सापडते. शोधायला वेळ लागतो, इतकेच.

पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर आज विजेची इंजिने एकावर एक रचलेले कंटेनर ओढतात, आणि त्यासाठी तिथली ओव्हरहेड वायर नेहमीपेक्षा बरीच उंच बांधलेली आहे. कोकण रेल्वेवर १९९९ पासून सपाट वाघिणींवर आख्खे ट्रक चढवून नेले जातात. १५ ऑगस्ट २०२२ रोजी छत्तीसगडमधून निघालेल्या 'सुपर वासुकी'ने तर पाच रेक जोडून सुमारे २७,००० टन कोळसा साडेतीन किलोमीटर लांबीच्या एका गाडीत नेला. तंत्र इतक्या वेगाने बदलत असताना सर्वसाधारण मालगाडीची नोंद फारसे कोणी ठेवत नाही. म्हणून मी प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, जागा, इंजिनाचा क्रमांक, शेड, वाघिणींचा प्रकार आणि गाडी भरलेली होती की रिकामी, एवढे लिहून ठेवतो. प्रकाश साधारण असला तरी क्रमांक स्पष्ट वाचता येणारे छायाचित्र मी कधीही टाकून देत नाही.