ऊसतोडीचे मनुष्यबळ आणि मुकादम

कोल्हापूर जिल्ह्यात शेतमजुराला काम नाही असा काळ थोडाच असतो. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे भाताची रोप लावण, पुढे भांगलण (तण काढणे), आणि दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मार्चपर्यंत ऊसतोड. एवढी मागणी असूनही मजूर आणि काम यांची गाठ घालून देणारे सरकारी कार्यालय गावपातळीवर नाही. रोजगार विनिमय केंद्रांकडे रिक्त जागा कळवणे बंधनकारक करणाऱ्या 1959 च्या केंद्रीय कायद्यानेच खासगी शेतीतील कामे, यंत्रचालकांचा अपवाद सोडता, वगळली. रोजगार हमीचा जन्म 1972 च्या दुष्काळातला, राज्याचा कायदा 1977 चा. पण ती योजना सार्वजनिक काम काढून देते, दुसऱ्याच्या फडात, म्हणजे उसाच्या शेतात, मजूर पोहोचवणे हा तिचा उद्देशच नव्हे.

हे काम मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ, करतो. कारखान्याच्या करारावर ऊस वाहणारा वाहनमालक पावसाळ्यातच त्याला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो आणि मुकादम ती बीडसारख्या जिल्ह्यांतील गावांत कोयत्यांना वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा मजूर असेल तर अर्धा. हंगामात टनामागे पडणाऱ्या मजुरीतून उचल फिटत जाते, आणि जी फिटत नाही ती पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. म्हणजे पुढच्या हंगामात कुठे जायचे, हे मजुराने नव्हे, त्याच्या बाकीने ठरवलेले असते. मुकादमाला नुसते शोषक म्हणून मोकळे होणे मला पटत नाही, कारण माणसे हेरणे, त्यांची हमी घेणे, आजारपणात पैसे पुढे करणे ही कामे आज दुसरे कोणीच करत नाही, आणि त्यांचा मोबदला त्याला मजुरीवरील कमिशनातून मिळतो. मात्र सारा व्यवहार विश्वासावर चालत असल्यामुळे फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. लाखोंची उचल घेऊन टोळी न पाठवणाऱ्या मुकादमांमुळे आपल्याकडचे कित्येक वाहनमालक कर्जात बुडाले आहेत. शेतकऱ्याने फडात तोडणाऱ्यांना वरकड मोजलेल्या पैशांची, म्हणजे ‘खुशाली’ची, तर कुठेच पावती नसते.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आहे आणि ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याची व्यवस्थाही केली आहे. माझ्या मते त्याच नोंदणीला उचलीचा हिशेब जोडावा. कारखान्याच्या गट कार्यालयात कोणत्या फडाला केव्हा तोड द्यायची याची नोंद चोख असते, टनाचे वजनही काट्यावर लिहिले जाते; मग कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली आणि किती फेडली, हे तेथेच लिहून त्याची प्रत मजुराला देणे अवघड नाही. ती प्रत नवरा-बायको दोघांच्या नावे वेगवेगळी असावी. मोळी बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारी बाई निम्मे काम करते, पण उचलीच्या चिठ्ठीवर बहुधा नवऱ्याचेच नाव असते, आणि तो अर्ध्यातून काम सोडून गेला तर त्याची बाकी मात्र तिच्याकडेच मागितली जाते.